बायसन मारून गाय वाचते का?

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले बायसन, म्हणजे तिथले गव्यासारखे रानटी प्राणी, गुरांना गाभडवणाऱ्या रोगाच्या भीतीपायी मारले जातात, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘ज्यांच्या गोठ्यात कधी गाय गाभडली नाही त्यांनाच बायसनचा कळवळा येतो. रोगट जनावर मारायलाच हवं,’ असं तुम्ही म्हणता. पहिलं वाक्य मला लागू नाही. मामाकडे आठव्या महिन्यात म्हैस गाभडली, जार अडकला, पुढे ती गाभण राहिलीच नाही. उद्यानाला लागून असलेल्या मोंटाना राज्यातल्या पशुपालकाची भीती मला खोटी वाटत नाही. लेखात ती मी एका ओळीत उरकली, ही चूक मान्य.

दुसरं वाक्य मात्र पटत नाही. यलोस्टोनच्या बायसनमध्ये ब्रुसेला, म्हणजे या रोगाचा जिवाणू, सापडला 1917 साली, आणि तो त्यांना लागला गुरांकडूनच. तिथल्या प्रौढ माद्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात त्याच्या खुणा मिळतात, हे खरं. पण खूण मिळाली म्हणजे ती मादी आज रोग पसरवतेच असं नाही. रोग पसरतो मुख्यतः गाभडलेलं पिल्लू आणि जार हुंगण्या-चाटण्यातून. बायसन गाभडतात हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत. उन्हाळ्यात गुरं त्या कुरणांत येईपर्यंत कोल्ह्या-कावळ्यांनी ते बहुतेक संपवलेलं असतं, बाकीचं काम ऊन करतं.

मग गुरांना रोग येतो कुठून? एल्क हरणांकडून. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2017च्या अहवालात 1998पासून बाधित झालेले गुरांचे 22 आणि खासगी बायसनचे 5 कळप मोजले आहेत. या सगळ्यांचा माग एल्कपर्यंत जातो, रानातल्या बायसनपर्यंत एकाचाही नाही. तरी उद्यानाबाहेर पडणारे बायसन अनेक हिवाळ्यांत पकडून कत्तलीला धाडले गेले आहेत. माझा राग याचा आहे.

आणि एल्कमध्ये रोग टिकला त्यात माणसाचाही हात आहे. शेजारच्या वायोमिंग राज्यात शंभरहून अधिक वर्षं हिवाळ्यात एल्कना वैरण घातली जाते. ते उपाशी मरू नयेत आणि पशुपालकांच्या गंज्यांवर तुटून पडू नयेत म्हणून. नेमक्या गाभडण्याच्या दिवसांत शेकडो जनावरं एकाच वैरणीवर तोंड घालतात. तिथे एक मादी गाभडली की आजूबाजूच्या कितीतरी जणी येऊन हुंगतात. वैरण न मिळणाऱ्या कळपांतही आता रोग वाढतो आहे, पण तो इतकी वर्षं जिवंत ठेवला या वैरणीच्या जागांनी.

वैरण एकदम बंद करा, असं मी म्हणणार नाही. भुकेले एल्क थेट गुरांच्या चाऱ्यावर येतील, आणि गाभडणारी गाय पुन्हा त्याच पशुपालकाची असेल. त्याबद्दल जाब विचारला असतात, तर माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं.