हतनूरचे दरवाजे आणि ‘काही अर्थ नसलेली’ तपासणी

हृदय आणि किडनी एकमेकांना कसे ओढत नेतात आणि ते रक्तात कुठे दिसतं, या मागच्या लेखावर धुळ्याच्या एका वाचकाची प्रतिक्रिया आली आहे. (बीएनपी आणि एनटी-प्रोबीएनपी हे हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे पदार्थ, क्रिएटिनिन ही किडनीची नेहमीची रक्ततपासणी.) प्रतिक्रिया अशी: ‘किडनीच्या पेशंटमध्ये एनटी-प्रोबीएनपीला काही अर्थ नाही, तो तसाही वाढलेलाच असतो. महागडी तपासणी गळ्यात मारण्यापेक्षा क्रिएटिनिन करा. लॅबवाल्यांची दलाली बंद करा. माझ्या सासऱ्यांचा ४,२०० आला, डॉक्टर म्हणाले किडनीमुळे आहे, सोडून द्या. आणि बीएनपी लाल टोपीच्या ट्यूबमध्ये घेतात असं लिहिणाऱ्याने आधी ट्यूब ओळखायला शिकावं.’

आधी ट्यूब. बरोबर आहे तुमचं. बीएनपीला जांभळ्या टोपीची, रक्त गोठू न देणारी ईडीटीए ट्यूब लागते, तीही प्लास्टिकची, कारण काचेला लागून तो लवकर मोडतो. साध्या ट्यूबमध्ये चालतो तो एनटी-प्रोबीएनपी. लेखात दुरुस्ती केली. एका ओळीत, ‘शिकावं’ न म्हणता, हे सांगता आलं असतं.

आता दलाली. ती मार्केट यार्डात असते, साहेब. जळगावात पॅथॉलॉजीत सव्वीस वर्षं गेली, रिपोर्टवर सही करण्यापलीकडे कोणाकडून काही घेतलेलं नाही. शिवाय त्याच लेखात मी सगळ्यात आधी कोणती तपासणी सांगितली होती? सकाळच्या पहिल्या लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे किडनीतून प्रथिन किती गळतंय त्याचा आकडा. स्वस्त, सुईसुद्धा नाही. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर गेला तर लगेच घाबरायचं नाही, तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला यायला हवा. ताप, लघवीचा संसर्ग, किंवा चैत्रात वणीच्या गडाला पायी जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी दिलेला नमुना, यात तो खोटा वाढतो. दलालाने हे कशाला लिहिलं असतं? पण तिथपर्यंत वाचायला धीर लागतो.

तुमचं खरं वाक्य एकच: ‘तसाही वाढलेलाच असतो.’

हतनूर धरण डोळ्यासमोर आणा. पातळी दोन गोष्टींवर ठरते, वरून तापी-पूर्णेचं पाणी किती येतंय आणि ४१ दरवाज्यांपैकी किती उघडे आहेत. हृदयाच्या कप्प्याची भिंत ताणली गेली की पेशी १०८ अमिनो आम्लांचं प्रोबीएनपी तयार करतात. त्याचे दोन तुकडे होतात, ३२ चा बीएनपी आणि ७६ चा एनटी-प्रोबीएनपी. हा दुसरा तुकडा बाहेर टाकण्याचं काम मोठ्या प्रमाणात किडनीचं. किडनी मंदावली म्हणजे दरवाजे अर्धे बंद, पातळी वर. इथपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर. पण दरवाजे कालही अर्धेच बंद होते आणि आजही तेवढेच आहेत, तरी पातळी तिप्पट झाली, तर पाणी वरून आलंय. याला ‘काही अर्थ नाही’ म्हणणारा माणूस पूर नियंत्रण कक्षात बसवू नये.

आकड्यात सांगतो. समजा ६८ वर्षांचा पुरुष, क्रिएटिनिन २.०, म्हणजे ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) ३५ च्या आसपास. बरा असताना एनटी-प्रोबीएनपी २,१०० पिकोग्रॅम प्रति मिली, वजन ६१ किलो. हा त्याचा घरचा आकडा, आणि तो वहीत लिहून ठेवायचा. दोन महिन्यांनी दम लागून आला: ६,८००, वजन साडेचौसष्ट. किडनी तीच आहे. वाढ हृदयावरच्या ताणाची आहे, अंगात पाणी साठलंय. शिरेतून फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) देऊन वजन उतरलं, डिस्चार्जच्या वेळी ३,९००. तीस टक्क्यांहून जास्त उतार, ही चांगली खूण. याच काळात क्रिएटिनिन २.० वरून २.३ झालं, आणि तुमच्या ‘फक्त क्रिएटिनिन करा’ने गेलो असतो तर घाबरून लघवीचं औषध बंद केलं असतं आणि माणूस पुन्हा पाण्यात. पाणी उतरत असताना, पेशंट सुधारत असताना क्रिएटिनिन एवढं वर सरकणं म्हणजे दर वेळी किडनी बिघडणं नव्हे.

आणि कमी आलेला आकडा? अचानक दम लागलेल्या माणसात ३०० च्या खाली आला तर तीव्र हार्ट फेल्युअर जवळपास बाद, किडनीच्या पेशंटमध्येसुद्धा. वर जाताना मात्र पट्टी बदलते. एरवी हार्ट फेल्युअर धरायला वयानुसार ४५०, ९०० आणि १,८०० ही रेघ. ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर साधारण १,२०० धरतात. डायलिसिसवाल्यांत कुठलीच ठरावीक रेघ चालत नाही, तिथे ज्याचा त्याचा जुना आकडाच कामाचा. लठ्ठ माणसात तो फसवा कमी येतो. हार्ट फेल्युअरसाठीची सॅक्युबिट्रिलची गोळी चालू असेल तर बीएनपी करूच नका, त्या गोळीने तो मोडायचाच थांबतो, एनटी-प्रोबीएनपी करा. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या डोसात चालू असेल तर काही मशिनवर एनटी-प्रोबीएनपी खोटा कमी निघतो. हे कोणी विचारत नाही.

क्रिएटिनिनबद्दल फार लिहीत नाही. ते स्नायूंवर चालतं. वाळलेल्या म्हाताऱ्याचं १.१ हे ‘नॉर्मल’ नसतं. आदल्या रात्री मटण झालं असेल तर वाढतं, आणि किडनीला मार बसल्यावर वर यायला एक-दोन दिवस घेतं. शंका असेल तिथे सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी, पण स्टेरॉइड आणि थायरॉइड विचारून, त्यांनी तिचा आकडा बदलतो. एनजीएएल (किडनीला मार बसल्याची खूण) विचारणारे आणखी दोघे आहेत: काही तासांत वाढतो खरा, पण २०१६ च्या अकिनेसिस अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये तो क्रिएटिनिनपेक्षा सरस ठरला नाही. पैसे वाचवा.

खर्चाचा मुद्दा मान्य. धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला ही तपासणी दर महिन्याला करा असं मी कुठे म्हटलं? एकदा बरा असताना, एकदा बिघडल्यावर. मधल्या काळात वजनकाटा. आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांत बीएनपीचा नमुना एसटीने पाठवू नका, चार तासांत त्याची वाट लागते. एनटी-प्रोबीएनपी जास्त टिकाऊ आहे, तरी सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळं पाणी) वेगळं करून बर्फाच्या पिशवीत.

आता तुमचे सासरे. ४,२०० आला म्हणता. याआधीचा किती होता? त्या दिवशी वजन किती, पायावर बोट दाबून खड्डा पडत होता का, रात्री किती उशा लागतात? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, दलालीबद्दल मात्र लिहिलंत. जुनी फाइल शोधा. मागचा आकडा दीड हजार असेल तर ‘सोडून द्या’ चालणार नाही, याच आठवड्यात त्यांना फिजिशियनकडे न्या, आणि जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.