ड्रायव्हरच्या ठोक्यांचा मालक कोण?

सीटमध्ये सेन्सर बसवून ड्रायव्हरच्या हृदयाचे ठोके मोजायचे, ही कल्पना काही आजची नाही. फोर्डने जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठासोबत २०११ मध्येच अशी सीट दाखवली होती. पाठीच्या बाजूला सहा सेन्सर. अंगाला वायरी चिकटवायची भानगड नाही, शर्टावरूनच ईसीजी. डोकं भारीच! पण ती सीट काही शोरूमपर्यंत आली नाही.

म्हटलं, आमच्या वाडीतल्या एखाद्या ट्रकमध्ये लावून बघा ती. आधी रेक्झिन, त्यावर लाकडी मण्यांचं कव्हर, त्यावर टॉवेल आणि मे महिन्यात पाठीला चिकटलेला ओलाकच्च बनियन. हा सेन्सर पाठीच्या जितका जवळ तितका बरा. मध्ये मण्यांची फट आली, त्यात गाडी खड्ड्यात आदळली, की ठोके कुठले नि धक्के कुठले, ओळखायचं कसं?

असो, ते इंजिनिअर बघून घेतील. मला वेगळाच प्रश्न पडतो. हे ठोके दिसणार कोणाला?

ओळखीतले एक ड्रायव्हरकाका बीपीच्या गोळ्या पाकिटातून काढून खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्नीत बांधून ठेवतात. विचारलं, "काका, असं काऊन?" तर म्हणे, "मालकानं पाहिलं त गाडी दुसऱ्याले देईन ना बावा!" ठोक्यांचा आलेख थेट मालकाच्या मोबाईलवर जाणार असेल, तर हे काका पाठीमागे उशी नाही, पाटच लावतील.

आणि ठोक्यांवरून थकवा ओळखायला मशीनच कशाला पाहिजे? १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा (२०२५ मध्ये तो नव्या कामगार संहितेत गेला) सांगायचा, दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांच्या आत अर्धा तास विश्रांती. ट्रकवाल्याला विचारा, हसेल. ड्रायव्हरांचे तास ठरवा आणि झोप ओळखणारे सेन्सरही बसवा, असं गडकरीसाहेब २०२१ मध्ये बोलले होते. सेन्सरची चर्चा सगळे करतात, तासांचं नाव निघालं की विषय बदलतो.

सीट येऊ द्या, माझा विरोध नाही. सातशे किलोमीटरच्या सरळसोट समृद्धीवर तर हवीच. पण ठोके बिघडले की बीप आधी केबिनमध्ये वाजावी. मालकाला फक्त 'गाडी थांबवली आहे' एवढाच मेसेज जावा. आलेख ड्रायव्हरचा, दाखवायचा तर तो डॉक्टरला दाखवेल.

माझ्या मित्रयादीत ट्रान्सपोर्टवाले बरेच आहेत. बीप वाजली म्हणून गाडी बाजूला घेतली, तर त्या दिवसाचा भत्ता कापणार नाही, असं खाली कमेंटमध्ये कोण कोण लिहून देतं?