गार्लिट्सने मागच्या इंजिनाचा ड्रॅगस्टर 'शोधला' नाही

अपघातात पाय तुटला आणि अमेरिकी शर्यतपटू डॉन गार्लिट्सने इस्पितळात मागे इंजिन असलेला ड्रॅगस्टर (छोट्या, सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीची लांबट गाडी) शोधून काढला, असा मजकूर सध्या फिरतोय. 'बिग डॅडी'चा, म्हणजे गार्लिट्सचा, मी जुना चाहता, पण यातलं अर्धंच खरं आहे.

अपघात ८ मार्च १९७० चा, कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिप या शर्यतीच्या पट्ट्यावरचा. सुटतानाच ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा भाग) फुटलं, गाडीचे दोन तुकडे झाले आणि उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. अख्खा पाय नव्हे. त्या काळच्या गाड्यांना 'स्लिंगशॉट' म्हणत, म्हणजे आपली बेचकी. चालक मागच्या चाकांच्याही मागे बसे आणि ट्रान्समिशन त्याच्या दोन पायांमध्ये. वर पुढच्या इंजिनातलं तेल आणि आग थेट तोंडावर!

पण मागे इंजिन लावायचे प्रयोग त्याआधीही झाले होते. त्या गाड्या वेगात सरळ राहत नसत, म्हणून कुणी त्यांच्या वाटेला जाईना. गार्लिट्सच्या गाडीनेही सुरुवातीला हेच नखरे केले. गोम स्टिअरिंगमध्ये होती: ते फार चटकन वळायचं. सहकाऱ्यांसोबत खटपट करून त्याने ते मंद केलं आणि गाडी वठणीवर आली. माझ्या मते खरं कौतुक या चिकाटीचं आहे.

१९७१ मध्ये पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी ड्रॅग शर्यत त्याने याच गाडीने जिंकली. मग काही वर्षांतच टॉप फ्युएल या सर्वांत वेगवान ड्रॅगस्टरांच्या गटातून बेचकी हद्दपार झाली.