दात काढल्यावर लगेच गुळण्या करू नका

कुणाचा दात काढला असं कळलं, की एक मेसेज हमखास पुढे ढकलला जातो. घरी आल्याबरोबर मिठाच्या गरम पाण्याने खळखळून गुळण्या करा, तोंडातलं रक्त थुंकत राहा, दोन दिवस जेवू नका, फक्त थंड पेयं स्ट्रॉने घ्या, दुखलं तर खड्ड्यात लवंगतेलाचा बोळा ठेवा आणि जखम पांढरी दिसली की अँटिबायोटिक सुरू करा. पाठवणाऱ्याला काळजीच असते, पण या सल्ल्यांनी बरी होणारी जखम बिघडते.

आधी गुळण्या. दात निघाल्यावर खड्ड्यात रक्त साकळून गुठळी होते. खालच्या उघड्या हाडावर तेवढंच आच्छादन असतं, आणि जखम भरायला सुरुवात तिथूनच होते. पहिले 24 तास ही गुठळी फार कच्ची असते. जोरात चूळ भरली की ती निसटू शकते आणि मग ‘ड्राय सॉकेट’ होतं: कमी होत आलेलं दुखणं दोन-तीन दिवसांनी एकदम उसळतं, ठणका कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो. खालच्या अक्कलदाढेनंतर हा धोका जास्त. मिठाचं पाणी चांगलंच, फक्त ते दुसऱ्या दिवसापासून. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला. जेवण झाल्यावर घोट तोंडात घ्या, मान हळूच इकडे-तिकडे कलती करा, मग बेसिनवर वाकून नुसतं तोंड उघडा. पाणी आपोआप पडू द्या, पिचकारी मारू नका.

थुंकण्याचंही तेच. पहिल्या दिवशी लाळ गुलाबी दिसणारच, आणि थोडं रक्तही लाळेत मिसळलं की खूप वाटतं. ती लाळ गिळा. रक्त खरंच वाहत असेल तर स्वच्छ गॉजची जाड घडी नेमकी खड्ड्यावर ठेवून अर्धा तास दात घट्ट दाबून बसा. बहुतेक जण दर पाच मिनिटांनी घडी काढून बघतात आणि दाबच राहत नाही. नीट दाबूनही रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्याला फोन करा.

स्ट्रॉने ओढताना तोंडात पोकळी तयार होते आणि गुठळीवर ताण येतो. सिगारेटचंही तसंच, शिवाय धुराने जखम भरायला वेळ लागतो. निदान तीन दिवस तरी ओढू नका, कळकळीने सांगतो.

उपाशी तर मुळीच राहू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि काही वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी पोटाला त्रास देतात. बधिरपणा उतरेपर्यंत मात्र काही चावू नका. ओठ-गाल चावला गेला तरी तेव्हा कळत नाही, लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपावं लागतं. त्यानंतर दही, मऊ शिजवलेलं अंडं, कुस्करलेला बटाटा, केळं, कोमट सूप असं काहीही दुसऱ्या बाजूने खा. पहिल्या दिवशी गरम नको. बारीक बिया आणि कुरकुरीत तुकडे खड्ड्यात अडकतात, ते काही दिवस टाळा. बाकीचे दात नेहमीसारखे घासा, फक्त त्या जागेला ब्रश लावू नका.

लवंगतेलाचा समज कुठून आला असावा, ते समजतं. ड्राय सॉकेट झाल्यावर दंतवैद्य खड्डा धुऊन लवंगेतल्याच युजेनॉलची औषधी पट्टी भरतात. पण शुद्ध तेल ताज्या जखमेवर थेट लावलं तर ती भाजते. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून ठेवल्यानेही तेच होतं.

राहिला पांढरा थर. तो बहुतेक वेळा पू नसतो, फायब्रिन हे रक्त गोठताना तयार होणारं प्रथिन असतं, म्हणजे जखम भरत असल्याची खूण. खरवडू नका. सूजही दोन-तीन दिवस वाढून मग उतरते. त्यानंतरही ती वाढतच राहिली, ताप आला, पू आला किंवा तोंड उघडेनासं झालं, तर घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकवर भागवू नका, दंतवैद्याकडे जा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.