मरिसाला सुख दुखत होतं?

(स्पॉयलर भरपूर आहेत. आमच्या भाचीबाई अजून दुसऱ्या सीझनवर आहेत, त्यांनी इथूनच मागे फिरावं. बाकीच्यांनी तक्रार करू नये, मालिका संपून जमाना झाला.)

गेल्या महिन्यात ताईकडे राहायला गेले होते. भाची अकरावीत. रात्री जेवणं आटपल्यावर म्हणाली, "मावशी, तुझ्या काळातलं काहीतरी लाव ना." माझा काळ! २००३ म्हणजे काय पेशवाई आहे का? पण लावलं. 'द ओ. सी.', पहिला भाग.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ५ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत फॉक्सवर सुरू झालेली मालिका. कॅलिफोर्नियातलं न्यूपोर्ट बीच, म्हणजे समुद्र, बंगले, बंगल्यामागे स्विमिंग पूल आणि रोज कुठली ना कुठली पार्टी. चिनोसारख्या साध्या गावातला रायन गाडी चोरताना भावाबरोबर पकडला जातो आणि त्याचा वकील सँडी कोहेन त्याला थेट स्वतःच्या घरी आणतो. कोहेनांच्या शेजारचा बंगला कूपरांचा. तिथली थोरली मुलगी मरिसा. उंच, सडसडीत, सुंदर, शाळेत सगळ्यांना हवीहवीशी. आणि पर्समध्ये दारूची चपटी बाटली.

आम्ही ही मालिका हॉस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून पाहिली. एक मॉनिटर, आठ जणी, खाली सतरंजी. रायनसाठी जीव तुटायचा. सँडीच्या मुलावर, सेथवर, अर्ध्या जणींचं प्रेम. मरिसा आली की मात्र कुणीतरी हमखास म्हणायचं, "आली बघ, हिला सुख दुखतंय." मीच म्हणायचे, खरं तर. आठ जणींत सगळ्यात मोठ्यानं.

आता पुन्हा पाहताना लाज वाटली.

पहिल्याच भागातलं बघा. पार्टीत पिऊन मरिसा बेशुद्ध झालेली. मैत्रिणी तिला गाडीतून घरी आणतात, पर्समध्ये चावी शोधतात, चावी सापडत नाही. मग तिला तिच्याच घराबाहेर, ड्राइव्हवेवर तशीच सोडून निघून जातात. शेजारच्या पूल हाऊसमध्ये उतरलेला रायन हे बघतो, तिला उचलतो आणि आपल्याकडे आणून झोपवतो. हॉस्टेलवर आम्ही या प्रसंगाला "अय्या, किती रोमँटिक" म्हणून शिट्ट्या मारल्या होत्या. भाचीनं शिट्टीबिट्टी काही मारली नाही. तिनं पॉज केलं. विचारलं, "मावशी, बेल का नाही वाजवली त्यांनी?"

मला हे कधी सुचलंच नव्हतं.

ही मुलगी पहिल्या तीन सीझनच्या ७६ भागांत काय काय भोगते, ते एकदा ओळीनं लिहून काढलं तर हात दुखेल. बाप जिमी लोकांचे पैसे गुंतवण्याचा धंदा करतो आणि त्यांचेच पैसे खातो, सगळ्या गावासमोर त्याचं पितळ उघडं पडतं. आईबाप वेगळे होतात. मेक्सिकोतल्या टिहुआनाच्या सहलीत बॉयफ्रेंड ल्यूक दुसरीबरोबर सापडतो, त्या रात्री ही दारूवर वेदनाशामक गोळ्या घेते आणि गल्लीत कोसळते. पुढे आई ज्युली त्याच ल्यूकबरोबर संबंध ठेवते! मुलीच्या आधीच्या बॉयफ्रेंडबरोबर! दुसऱ्या सीझनमध्ये रायनचा भाऊ ट्रे तिच्यावर बलात्काराचा प्रयत्न करतो. ती बरेच दिवस कुणाला सांगत नाही. शेवटी ट्रे रायनचा जीव घ्यायला निघतो तेव्हा तिच्याच हातून गोळी सुटते. मग शाळेतून काढून टाकतात. नव्या शाळेत भेटलेला मित्र जॉनी कड्यावरून पडून मरतो. तोवर ती बारावीसुद्धा झालेली नसते.

आणि आम्ही म्हणत होतो, सुख दुखतंय.

त्या गोळीच्या प्रसंगाची २००७ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमानं टर उडवली होती, जो तो उठून एकमेकांना गोळ्या घालतोय आणि मागे मूळ प्रसंगातलंच गाणं. मीही खो खो हसले होते. अजूनही हसू येतं, खोटं कशाला बोलू. पण मूळ प्रसंगात बंदूक हातात धरलेल्या मुलीचा चेहरा आता बघवत नाही.

त्यात एक गोष्ट तेव्हा माहीत नव्हती. मालिका सुरू झाली तेव्हा मरिसा करणारी मिशा बार्टन खरोखरच सतरा वर्षांची होती. रायन, सेथ आणि मरिसाची मैत्रीण समर करणारे तिघंही विशी ओलांडलेले. त्यांच्या शेजारी उभं करून आम्ही तिला "लाकडी अभिनय" म्हणून मोडीत काढत होतो. मालिका लिहिणारा जॉश श्वार्ट्झही तेव्हा २६ वर्षांचाच, त्यामुळे सगळा राग त्याच्यावर काढायलाही धजत नाही. थोडासा काढते.

कारण माझी खरी तक्रार लेखनाबद्दलच आहे. कोहेनांच्या घरात सँडीच्या बायकोचं, कर्स्टनचं, पिणं वाढतं, तर दुसऱ्या सीझनच्या शेवटी सगळं घर तिच्यासमोर बसतं, रडतं, समजावतं आणि ती व्यसनमुक्ती केंद्रात जाते. सुंदर लिहिलंय ते. शेजारच्या घरातली मुलगी पहिल्या भागापासून पितेय, तिच्यासमोर असं कोण बसलं? टिहुआनानंतर ज्युली तिला लांब सॅन डिएगोला, मनोरुग्णांच्या संस्थेत टाकायचं ठरवते, म्हणजे उपचार आला तोही घराबाहेर काढण्याच्या रूपात. मग मित्र तिला हॉस्पिटलमधून पळवतात आणि आपण टाळ्या वाजवतो. पुढे दुकानात चोरी करताना पकडली गेल्यावर समुपदेशकाकडे पाठवतात, तर लेखकांनी तिथल्या वेटिंग रूममध्ये ऑलिव्हर नावाचा पोरगा आणून बसवला. झालं, उपचार राहिला बाजूला आणि ऑलिव्हरचं लफडं सुरू!

ऑलिव्हरच्या भागांत मरिसाचं चुकतंच. हा पोरगा धड नाही असं रायन जीव तोडून सांगतोय आणि ही ऐकत नाही, तेव्हा आजही रिमोट फेकावासा वाटतो. पण ऑलिव्हर तरी कोण? आईबाप कुठेतरी लांब, आणि पोरगा हॉटेलच्या पेंटहाऊसमध्ये एकटा. तिला तो आपल्यातला वाटला, यात नवल ते काय? आपण मात्र त्याला खलनायक म्हणून शिव्या घातल्या आणि मोकळे झालो.

रायनची आई पिते, भाऊ तुरुंगात, घरात मारझोड. त्याचं दुःख पाहताक्षणी पटतं. मग सँडीसारखा भला माणूस त्याच्यासाठी घराचं दार उघडतो. त्या दारापासून मरिसाचं दार पन्नास पावलांवर असेल. सँडी मला फार आवडतो, अजूनही. पण या वेळी वाटत राहिलं, अरे बाबा, जरा उजवीकडे बघ. पैसेवाल्याच्या पोरीला कुणी घरी आणत नाही, तिला घर आहे असं सगळे धरून चालतात.

शिकत असताना मी शिकवण्या घ्यायचे. पुण्यातला एक बंगला, दहावीतली मुलगी, बीजगणित. जिन्यावर संगमरवर, स्वयंपाकाला मावशी, दाराशी दोन गाड्या. मुलगी उद्धट. वही फेकायची, मुद्दाम चुकीची उत्तरं लिहायची. एकदा तास संपल्यावर म्हणाली, "ताई, अजून अर्धा तास थांबता का? नऊपर्यंत घरी कुणी नसतं." मी म्हणाले, माझी पीएमटी जाईल. ती म्हणाली, ओके, आणि लगेच मोबाइल काढला. मी हॉस्टेलवर येऊन मैत्रिणींना सांगितलं, इतका पैसा आणि कार्टीला काय कमी आहे गं? तेच वाक्य, आणि त्या रात्री आम्ही बहुतेक मरिसाचाच कुठला तरी भाग पाहिला असणार. पुढे पाच-सहा महिने शिकवलं तिला. तिनं पुन्हा कधी थांबायला सांगितलं नाही.

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीचा तो पूलजवळचा प्रसंग आठवतोय? ज्युलीनं कर्स्टनच्या गडगंज बापाशी, केलबशी, लग्न केलंय, मरिसा त्याच्या महालात राहतेय, आणि एक दिवस ती जिवाच्या आकांतानं किंचाळत पूलकडेच्या खुर्च्या उचलून पाण्यात फेकते. लोक आजही तो तुकडा "श्रीमंत पोरीची नाटकं" म्हणून फिरवतात. त्यातली आई बघा. ज्युली मुळात रिव्हरसाइडची, गरिबीतून वर आलेली, परत तिथे जायच्या भीतीनं वाट्टेल ते करणारी बाई. तिला समोरची मुलगी दिसते, पण तिला वाटतं हे सगळं मिळवलं ते हिच्यासाठीच की! मेलिंडा क्लार्कनं ज्युली अशी काही केलीय की राग धरवत नाही. धरायला हवा, तरी.

१८ मे २००६. तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग. शाळा संपली, मरिसा बापाकडे ग्रीसला, बोटीवर कामाला निघालीय. पहिल्यांदाच स्वतःहून कुठेतरी जातेय. रायन विमानतळावर सोडायला. मरिसाचा आधीचा बॉयफ्रेंड व्होलचॉक दारू पिऊन मागे लागतो, धडक देतो, गाडी उलटते. रायन तिला उचलून गाडीपासून लांब आणतो. ड्राइव्हवेवरून उचललं, टिहुआनाच्या गल्लीतून उचललं, आता इथून. ती त्याच्या हातांत जाते. हॉस्टेलवर आम्ही आठही जणी रडलो होतो. तरी एकीनं डोळे पुसत म्हटलंच, "सुटली बिचारी, आपणही सुटलो."

ती 'एक' मीच होते का, ते नेमकं आठवत नाही. असेनही.

मालिका पुढे १६ भाग चालली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये बंद पडली. हे सगळं भाचीला सांगितलेलं नाही. ती काल रात्री फोनवर म्हणाली, "मावशी, मरिसा मला जाम इरिटेट करते. पण तू सांग, त्या पहिल्या दिवशी घरात तिची आई होती ना?"