सबवूफर, डग्गा आणि नऊ इंची भिंत : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दिवाणखान्यात चांगला सबवूफर, म्हणजे फक्त अगदी खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, का असावा, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तर लिहायला मुद्दाम चार दिवस घेतले. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : सबवूफर हे सिनेमातल्या स्फोटांसाठी जन्मलेले यंत्र असून ख्याल आणि तबला ऐकणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही, नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानात आपण अडीच लाखांचा सबवूफर ऐकलात, तेव्हा प्रत्येक समेला एकाच सुरातला ‘धुम्म’ ऐकू आला आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनांच्या) खाली काहीच दिसले नाही, दणकाच हवा असेल तर तो वीस हजारांच्या सबवूफरमध्येही मिळतो, स्पीकरचा आवाज काढणारा बारा इंची पडदा मुळातच मंद असल्यामुळे तो तबल्याच्या मागे रेंगाळतो, आणि असले लेख वाचून लोक शेजाऱ्यांची झोप मोडण्यासाठी पैसे खर्च करतात.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘डग्ग्याचा घुमारा ३० हर्ट्झपर्यंत उतरतो’ हे माझे वाक्य चुकीचे होते. डग्ग्याचा मूळ सूर बहुधा शंभर हर्ट्झच्या अलीकडे-पलीकडे असतो आणि वादक मनगटाच्या टाचेने दाब देत घसीट घेतो, तेव्हा तो आणखी वर चढतो. पुरुष गायकाचा तानपुरा काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावला, तर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला येते, आणि जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तारेला येणाऱ्या झणकारामुळे, तिचा मूळ सूर तिच्याच वरच्या स्वरांपेक्षा क्षीण असतो. म्हणजे बैठकीच्या संगीतात ६० हर्ट्झच्या खाली फारसे काही घडत नाही, हा आपला मुद्दा बरोबर आहे. आठ इंची वूफरचे (खालचे सूर काढणाऱ्या पडद्याचे) मोठे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर ज्यांच्याकडे आहेत आणि जे ख्यालाखेरीज काही ऐकत नाहीत, त्यांनी सबवूफरवर पैसे खर्च करू नयेत, असे मी आता स्पष्टच लिहितो.

पण आपणच लिहिले आहे की आपले स्पीकर पाच इंची वूफरचे, कपाटावर ठेवण्याजोगे आहेत. तेथे प्रश्न बदलतो. ठरावीक मोठेपणाचा आवाज एक सप्तक खाली काढायचा असेल, तर पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे हलावे लागते. १४० हर्ट्झला एक मिलिमीटर हलणारा पडदा ७० हर्ट्झला तेवढ्याच आवाजासाठी चार मिलिमीटर हलला पाहिजे, आणि पाच इंची पडद्याची दमछाक तिथेच सुरू होते. दुमार्गी (खालच्या-मधल्या सुरांना एक आणि वरच्या सुरांना दुसरा पडदा असलेल्या) स्पीकरमध्ये गायकाचा आवाजही बहुतांशी त्याच पडद्यातून येत असतो. डग्ग्यावर जोरकस थाप पडली की त्या क्षणी गायकाचा ‘आ’कारही किंचित गढूळ होतो, तो यामुळे. ८० हर्ट्झच्या खालचा भार दुसऱ्या पेटीकडे दिला की पहिला फायदा गळ्याला होतो. सबवूफर जोडल्यावर तानपुरा आणि गळा जास्त स्वच्छ ऐकू आला असे मी लिहिले होते आणि आपण त्याला कल्पनेचा खेळ म्हटले होते; त्यामागे एवढे साधे यंत्रशास्त्र आहे. यासाठी ॲम्प्लिफायरमध्ये मुख्य स्पीकरांचा खालचा भाग खरोखर कापण्याची सोय हवी, ही अट मात्र मूळ लेखात लिहायची राहून गेली. नुसता सबवूफर समांतर जोडला, तर लहान पडद्याची मेहनत तसूभरही कमी होत नाही.

सिनेमाच्या जन्मकथेबद्दल फार लिहीत नाही. १९७४ मध्ये भूकंपावरील एका हॉलिवूडपटासाठी चित्रपटगृहांत ‘सेन्सराउंड’ नावाची प्रचंड बास यंत्रणा बसवली गेली आणि सामान्य प्रेक्षकाला खालच्या सुरांची चटक लागली, हे खरे आहे. परंतु त्याआधीच, १९६८ मध्ये, इन्फिनिटी या अमेरिकन कंपनीच्या सर्वो-स्टॅटिक संचात १८ इंची स्वतंत्र बास युनिट होते, आणि तो संच घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी होता.

आता दुकानातल्या त्या ‘धुम्म’कडे वळतो, कारण माझ्या मते सगळा वाद तिथे आहे. आपण जे ऐकलेत तो सबवूफरपेक्षा त्या खोलीचा आवाज होता. २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. म्हणजे ४० हर्ट्झची एक लाट साडेआठ मीटरहून लांब असते. माझी खोली १४ फूट लांब, ११ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. तिच्या लांबीत त्या लाटेची बरोबर अर्धी लांबी मावते, त्यामुळे ४० हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच गाऊ लागते. रुंदीमुळे असाच एक सूर ५१ च्या जवळ आणि उंचीमुळे ५६ च्या जवळ येतो. या सुरांना भिंतीपाशी आवाज फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. सोफा भिंतीला टेकलेला असला की प्रत्येक ठोका त्याच दोन-तीन सुरांत घुमतो, आणि सोफा मध्यावर असला की ऐकणारा म्हणतो, ‘याला बासच नाही.’ यंत्र तेच, सबवूफरची जागाही तीच.

यात आपल्या बांधकामाची भर पडते, आणि परदेशी परीक्षणे वाचताना ही गोष्ट हमखास निसटते. अमेरिकेतील बहुसंख्य घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर प्लास्टरबोर्ड ठोकून केलेल्या असतात. त्या खालच्या सुरांना थोड्या लवतात, काही शक्ती शोषतात आणि काही बाहेर जाऊ देतात. आपल्याकडे नऊ इंची विटांची भिंत आणि वर स्लॅब. त्यात शिरलेला ४० हर्ट्झचा सूर लवकर बाहेर पडत नाही. तिकडचा लेखक ‘या खोलीसाठी पंधरा इंची हवाच’ असे लिहितो, ते त्याच्या खोलीपुरते खरे असते. धंतोलीतल्या माझ्या जुन्या घरात ताकदीची उणीव कधीच भासली नाही, जागा शोधण्यात मात्र दोन महिने गेले. सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, तानपुऱ्याची आणि बास गिटारची एकेक ध्वनिफीत आळीपाळीने लावायची आणि आपण भिंतीकडेने रांगत जाऊन सर्व सूर सारखे ऐकू येतात ती जागा हेरून सबवूफर तिथे ठेवायचा, ही पद्धत घरातल्यांना करमणुकीची वाटते. तरीही जाहिरातीतल्या कोणत्याही यंत्रापेक्षा मला तिचा जास्त उपयोग झाला.

एकाऐवजी दोन सबवूफर घ्या, हा माझा सल्ला आपल्याला विक्रेत्याचा वाटला. त्यामागचे कारण असे. लांबीच्या मूळ सुराला खोलीच्या दोन टोकांना हवेचा दाब एकमेकांच्या उलट असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर एकाच फेजमध्ये, म्हणजे दोन्ही पडदे एकाच वेळी पुढे-मागे हलतील असे, वाजवले, तर ते त्या सुराला परस्परविरुद्ध ढकलतात आणि तो उठतच नाही. शिवाय दोन्ही रुंदीच्या मध्यावर असल्यामुळे रुंदीचा मूळ सूरही जागा होत नाही. हार्मन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात किती सबवूफर कोठे ठेवावेत याची पद्धतशीर तुलना केली होती, आणि भिंतींच्या मध्यावरची ही मांडणी त्यातल्या चांगल्या पर्यायांपैकी एक ठरली होती. म्हणूनच दीडशे चौरस फुटांच्या खोलीत अडीच लाखांचा एक सबवूफर ठेवण्यापेक्षा त्याच्या निम्म्या खर्चात दोन मध्यम सबवूफर बसवणे मला शहाणपणाचे वाटते. हे मूळ लेखात मी शेवटच्या परिच्छेदात लिहिले, पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते.

मग महाग सबवूफरमध्ये पैसे कशाचे द्यायचे? वीस हजारांचा सबवूफर तेवढाच दणका देतो असे आपण म्हणता. मी म्हणतो, तो जास्त देतो, आणि तीच त्याची अडचण आहे. आपला कान खालच्या सुरांना फार बधिर असतो. शांत खोलीत २५ हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू यायला सुमारे ६९ डेसिबल लागतात, तर ८० हर्ट्झला सुमारे ३२ डेसिबल पुरतात. स्वस्त सबवूफरला २५ हर्ट्झचा सूर मोठ्याने काढायला लावला की त्याचा पडदा मर्यादेला धडकतो आणि मूळ सुराच्या तिप्पट, म्हणजे ७५ हर्ट्झचा, एक आगंतुक सूर तयार होतो. तो मूळ सुराच्या दहा टक्केच असला, तरी कानाला तोच आधी आणि ठळक ऐकू येतो. छातीवर बसणारा तो ‘दणका’ बहुतेक वेळा हाच असतो. लांब पल्ला सरळ हलणारा पडदा, न थरथरणारी जड पेटी आणि त्याला आवरून धरणारा ॲम्प्लिफायर यांना पैसे पडतात, आणि ते देण्यासारखे आहेत. आरशासारख्या काळ्या पॉलिशचे पैसे ज्याने त्याने आपल्या हौसेने द्यावेत.

बारा इंची पडदा मंद असतो, हा समज मीही बरीच वर्षे बाळगला होता. सबवूफरला ८० हर्ट्झच्या वरचे काम जवळजवळ दिलेलेच नसते. त्या सुरांच्या लाटा मुळातच संथ असतात आणि तेवढ्या संथपणे हलणे कोणत्याही आकाराच्या पडद्याला जमते. डग्ग्यावरच्या थापेची धार मुख्य स्पीकरमधून येते. रेंगाळते ती खोली, कारण ठोका संपल्यावरही तिचा सूर विरायला वेळ लागतो. सबवूफर मुख्य स्पीकरांपासून दूर ठेवला असेल आणि फेज किंवा अंतराची नोंद चुकली असेल, तर जोडावरचे, म्हणजे ८० हर्ट्झच्या आसपासचे, सूर विसकटतात, हे निराळे. ते दहा मिनिटांत दुरुस्त होते.

ॲपबद्दलही लिहायला हवे. मोबाइलचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचे सूर तो बहुधा गाळून टाकतो. आणि ॲप ‘ए’ मापनावर, म्हणजे कानाप्रमाणे खालचे सूर कमी धरणाऱ्या मोजणीवर, ठेवले असेल, तर ४० हर्ट्झचा आवाज ते जवळपास ३५ डेसिबलने कमी दाखवते. ३० मे २०२४ रोजी आपल्याच शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचे सांगितले, हे आपल्याला आठवत असेलच. माप घेणारे यंत्र तपासल्याशिवाय मापावर विसंबू नये, हे नागपूरकराला मी काय सांगणार!

शेजाऱ्यांविषयीचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि वरच्याच कारणाने तो आपण मांडलात त्याहून गंभीर आहे. नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण तीही ‘ए’ मापनातली. त्यामुळे आकडा मर्यादेत असूनही खालच्या मजल्यावरच्या माणसाचे भांडे थरथरू शकते. सबवूफरखाली रबरी गाद्या घातल्याने फरशीतून जाणारा हादरा थोडा कमी होतो, हवेतून भिंतीला भिडणारा होत नाही. माझ्याकडे रात्री दहानंतर सबवूफर बंद असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी त्याही आधी बंद करावा.

आपल्याकडे भावाने दिलेला आठ इंची सबवूफर पडून आहे असे आपण ओझरते लिहिले आहे. तो टीव्हीशेजारच्या कोपऱ्यातून काढा, कारण कोपऱ्यात खोलीचे सगळेच सूर एकदम जागे होतात. मुख्य स्पीकरांचा ८० हर्ट्झखालचा भाग कापा आणि सबवूफरचा आवाज इतका कमी ठेवा की सबवूफर बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवेल. रेकॉर्ड प्लेअर वापरत असाल, तर रंबल फिल्टर (अगदी खालची कंपने गाळणारी सोय) लावा, नाही तर वाकलेल्या तबकडीचे हेलकावे पडद्याला उगाच हलवत ठेवतील. एवढे करूनही तोच ‘धुम्म’ राहिला, तर खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि सोफ्याची जागा कळवा. आकडेमोड मी करून देईन. हिवाळ्यातल्या १८ अंशांच्या खोलीपेक्षा उन्हाळ्यातल्या ४० अंशांच्या खोलीत ध्वनीचा वेग वाढल्यामुळे माझ्या खोलीचा मूळ सूर जेमतेम दीड हर्ट्झ सरकतो, त्याची काळजी नको. पण कूलरसाठी उघडी ठेवलेली खिडकी सगळेच गणित बदलते, म्हणून कूलर कोणत्या भिंतीला आहे तेही लिहा.