कॅमेरा इन्स्पेक्शनवरचा तो फॉरवर्ड तीन ठिकाणी चुकतोय

क्वालिटीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला कालपासून चार जणांनी पाठवला: कॅमेऱ्याने इन्स्पेक्शन (पार्टमधला दोष फोटोवरून कॉम्प्युटरने ओळखणं) करायचं तर डिफेक्टचे लाखो फोटो लागतात, कॉलेजवाले नुसते पेपर छापतात, आणि कॅमेरा बसला की इन्स्पेक्टर घरी. फायनल इन्स्पेक्शनला बारा वर्षं काढलीत, म्हणून लिहितोय.

आधी लाखो फोटोंचं. स्लोव्हेनियाची कोलेक्टर कंपनी मोटरचे कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा पार्ट) बनवते, त्याच्या प्लॅस्टिकवर केसासारखे क्रॅक येतात. लुब्लियाना युनिव्हर्सिटीबरोबर त्यांनी जे काम केलं त्यात फोटो होते एकूण ३९९, क्रॅक दिसणारे फक्त ५२, आणि कॉम्प्युटरला क्रॅक ओळखायला शिकवायला २५-३० डिफेक्टचे फोटो पुरले! ते फोटो रिसर्चसाठी खुलेही केले. आपल्याकडे लाल बिनमधला, म्हणजे रिजेक्ट झालेला माल फोटो न काढताच सरळ स्क्रॅपला जातो, बघून जीव तुटतो.

नुसते पेपर? कॅमेरा इन्स्पेक्शनचं हॅल्कन सॉफ्टवेअर बनवणारी एमव्हीटेक कंपनी १९९६ मध्ये म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतूनच निघाली. हां, कॉलेजची पोरं एक दिवस येऊन मोबाइलवर फोटो काढून गेली तर हाती काही लागत नाही, हे मान्य. आमच्याकडे पहिल्यांदा तसंच झालं, लॅबमध्ये मस्त चाललं आणि लाइनवर कूलंटचा (मशीनिंगला वापरतात त्या गार करणाऱ्या द्रवाचा) थेंब दिसला की क्रॅक म्हणून रिजेक्ट. मग त्यातला एक मुलगा तीन आठवडे लाइनवरच बसला. लाइट वरून सरळ पडत होता तो त्याने खाली आणला, पार्टला जवळजवळ चिकटून आडवा, आणि ओरखडा काळ्या पार्टवर पांढरा चमकून उठला. थेंब उडवायला कॅमेऱ्याच्या आधी एअर ब्लो, म्हणजे हवेचा झोत लावला. अल्गोरिदमला, म्हणजे दोष ओळखणाऱ्या प्रोग्रामला, हातही लावला नव्हता.

आता नोकरीचं. काही जागा कमी होतील, ते मी नाकारत नाही. पण क्रॅक कुठला आणि टूल मार्क (मशीनच्या हत्याराची साधी खूण) कुठला हे आमच्या लाइनवरच्या ताई पार्ट बोटात फिरवून सांगतात, ते त्या मुलाला येत नव्हतं, त्यांनीच शेजारी बसून एकेका फोटोवर खूण केली. कोलेक्टरच्या दुसऱ्या, ३३३५ फोटोंच्या सेटमध्येही काही खुणा कंपनीच्याच लोकांच्या आहेत. आणि दिवसाला १०,००० पार्ट असतील तर ९९ टक्के बरोबर असलेली सिस्टीमसुद्धा रोज १०० पार्टवर चुकते, ते पार्ट बघायला ताईच लागतात.

या महिन्याचं स्क्रॅप उचलायच्या आधी पन्नास पार्ट डिफेक्टप्रमाणे वेगळे काढून ठेवा, आणि मग जवळच्या कॉलेजला फोन करा.